हाताला आलेल्या मुंग्या

केळीच्या पानाच्या कडेतून पहिली मुंगी बाहेर आली, तेव्हा पत्र्याच्या मांडवाखालची सगळी गर्दी एकदम पुढे सरकली.

मुंगी क्षणभर थांबली, मिशा हलवल्या आणि स्पंदनाच्या तळहातावरून मनगटाकडे निघाली. मागून दुसरी आली. मग पाच-सहा एकदम, झोपेतून उठल्यासारख्या, धडपडत. बायकांनी तोंडाला पदर लावले. मागच्या रांगेतल्या कोणीतरी नागप्पाचं नाव घेत स्वतःच्या गालांवर हलकेच मारून घेतलं.

म्हैसूरच्या विजयनगर वस्तीच्या चौथ्या स्टेजच्या पलीकडे, जिथे साइटा, म्हणजे घरांचे प्लॉट, आखून झाल्यात पण घरं अजून उठलेली नाहीत, तिथे एक कमरेएवढं वारूळ आहे. कन्नडमध्ये वारुळाला हुत्त म्हणतात. त्याच्या शेजारी मांडव घालून जो बसतो तो हुत्तय्या. आधी तो कुठे बसायचा ते कोणाला ठाऊक नव्हतं. एच. डी. कोटेच्या रानात बारा वर्षं मौन धरून होता, असं तो स्वतःच सांगायचा. बारा वर्षांचं साठलेलं सगळं तो आता दर रविवारी बोलून घेत होता.

“नागराज माणसाला फोन करत नाही,” तो कन्नडमध्ये म्हणत होता. “मेसेज टाकत नाही. कोणी वारूळ फोडलं, की तो मुंगी पाठवतो. मुंगी म्हणजे त्याचा पोस्टमन. आज एकवीस निघाल्या. आत कुटुंब मोठं आहे.”

लोकांनी माना डोलावल्या. मुंग्या कोणी मोजल्या नव्हत्या.

मग त्याने स्पंदनाच्या मनगटाला खालून-वरून बांबूच्या चपट्या पट्ट्या लावल्या आणि पिवळ्या दोऱ्याने घट्ट कट्टु, म्हणजे बंध, बांधला. तीन दिवस सोडायचा नाही. तीन दिवस कामाला हात लावायचा नाही. नऊ रविवार यायचं, नऊ नारळ आणायचे. आणि नववा रविवार होईपर्यंत लेकराला हातात घ्यायचं नाही, नाहीतर मुंग्या आईच्या हातातून लेकरात उतरतील.

चौथ्या रांगेत पुष्पावतीबाईंच्या खांद्यावर आठ महिन्यांची नव्या होती. तिने आईला पाहिलं आणि दोन्ही हात पसरून पुढे झेप घेतली. पुष्पावतीबाईंनी तिला घट्ट आवळलं. स्पंदना दुसरीकडे बघू लागली. हा दुसरा रविवार होता. अजून सात राहिले होते.

याची सुरुवात एका शब्दापासून झाली होती.

स्पंदना एका कचेरीत अमेरिकेतल्या इस्पितळांच्या कागदांना आजारांचे कोड लावायची. डॉक्टरने लिहिलेलं वाचायचं, आजार ओळखायचा, त्याचा आकडा टाकायचा, पुढचा कागद घ्यायचा. बाळंतपणाची रजा संपवून ती परत गेली तेव्हा तिची जुनी जागा दुसऱ्या कोणाला मिळाली होती आणि तिला खांबाजवळचं टेबल आलं होतं. ते इतकं उंच होतं की मनगटं त्याच्या धारेवर टेकून, हात वर मोडूनच टाइप करावं लागे. दोन महिन्यांत उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. झोपेतून ती हात झटकत उठायची. आणि एका सकाळी, नव्याला न्हाऊ घालून पलंगाकडे नेताना, तो हात असून नसल्यासारखा झाला. पोर सुटली. पडली ती गादीवरच, लागलं काहीच नाही. रडलीसुद्धा नाही ती. रडल्या त्या पुष्पावतीबाई.

पुष्पावतीबाई, म्हणजे स्पंदनाच्या सासूबाई, बार्शीच्या. म्हैसूरला सून म्हणून येऊन चौतीस वर्षं झाली, तरी त्यांची कन्नड अजून बार्शीतच होती. मनात मराठी वाक्य जुळवायचं आणि शब्दाला शब्द लावून कन्नडमध्ये सोडायचं, ही त्यांची रीत. एका उपासाला त्यांनी शेजारणीला पोटात कावळे ओरडताहेत असं सरळ कन्नडमध्ये सांगितलं होतं, तर ती बिचारी घाबरून दृष्ट काढायला मिरच्या घेऊन आली होती. घरातली माणसं ही गोष्ट सांगून सांगून हसायची.

हुत्तय्यापुढे पहिल्या दिवशी बसल्या तेव्हा त्यांनी हात जोडले आणि सुनेचं दुखणं सांगितलं: “कैयल्लि इरुवे बरुत्तवे.”

हातात मुंग्या येतात. शब्दाला शब्द.

कन्नड माणूस अशा वेळी ‘जोमु’ म्हणतो. जोमु म्हणजे बधिरपणा, झिणझिण्या, आणखी काही नाही. स्पंदना तेवढं म्हणालीसुद्धा, “जोमु, अय्या, जोमु.” पण हुत्तय्याच्या कानाला गोड लागायचं ते लागून गेलं होतं. तोवर तो नुसते अंगारे देत असे. मुंग्या त्याला पुष्पावतीबाईंनी दिल्या. काळ्या की लाल, त्याने विचारलं. पुष्पावतीबाई गोंधळल्या आणि काळ्या म्हणाल्या. पुढच्या रविवारी दुसऱ्याच कोणाच्या हातावरच्या पानातून काळ्या मुंग्या निघाल्या, आणि महिन्याभरात अर्ध्या विजयनगरच्या हातांतून निघू लागल्या. स्पंदनाचा नंबर मात्र त्या गर्दीत पार मागे गेला, तिचा पहिला रविवार यायला महिना उलटला.

खोटं म्हणावं तर अडचण अशी होती की कट्टु बांधला की बरं वाटायचं. स्पंदनाला खरंच बरं वाटलं. तीन दिवस ती रजा घेऊन घरी बसली, हात उशीवर ठेवून, आणि बोटांत जीव आला. गुरुवारी कचेरीत गेली. शुक्रवारी दुपारी पुन्हा बोटं मेली. पुष्पावतीबाई म्हणाल्या, बघ, आत कुटुंब मोठं आहे.

कचेरीत विजयेंद्र सर होते. माणूस वाईट नव्हता, टार्गेटचा तक्ता त्यांच्याही डोक्यावर कोणीतरी लावलेला होता. त्यांचं म्हणणं असं की हे काम म्हणजे एसीत सुम्ने, नुसतं बसायचं. ओझं नाही, मशीन नाही, यात हाताला काय होणार? बाळंतपणाची अशक्तता असेल, रागी खा. तीन-तीन दिवसांच्या रजा अशाच चालू राहिल्या तर तिला कायम ठेवण्याबद्दल त्यांना वर काही सांगता येणार नाही, एवढं मात्र त्यांनी दोनदा सांगितलं.

घरी नाग होता, कचेरीत काहीच नव्हतं. या दोहोंच्या मध्ये स्पंदनाचा हात लोंबकळत होता. ती घरी येऊन पाळण्याजवळ बसायची, काठावर हनुवटी टेकून. नव्या तिचं नाक धरायची, आणि स्पंदना ते धरू द्यायची, कारण नाकाबद्दल अय्याने काही सांगितलं नव्हतं. तिला दर वेळी वाटायचं, उचलावं. आणि दर वेळी आठवायचं ते गादीवर पडलेलं पोर. अय्याचं खोटं असेलही. पण हात सुटला होता ते खरं होतं. दाराला बाहेरून कडी असती तर तिने ठोकून पाहिलं असतं. ही कडी तिच्या स्वतःच्या मनगटातच होती.

दुसऱ्या रविवारनंतरच्या शुक्रवारी तिच्यापुढे एक कागद आला. बाई, वय बावन्न, केकवर क्रीमची फुलं काढण्याचं काम. अंगठा, त्याशेजारचं बोट, मधलं बोट बधिर. रात्री जास्त. हात झटकला की आराम. कप हातातून निसटतो. करंगळी ठीक.

स्पंदनाने सवयीने आकडा टाकला. जी छप्पन पॉइंट शून्य एक. मनगटातल्या बोगद्यात नस दाबली जाणे, उजवा हात. गेल्या चार वर्षांत हा आकडा तिने किती वेळा टाकला असेल याला गणती नव्हती. तो इंग्रजीतला आजार होता, दूरच्या बायकांना होणारा. तिला झालं होतं ते मराठीत झालं होतं, आणि सासूबाईंनी ते कन्नडमध्ये नेलं होतं. तीन भाषांच्या फेऱ्यात ते तिचं तिलाच ओळखू आलं नव्हतं.

तिने हळूच उजव्या हाताचं एकेक बोट ओठांना लावलं. अंगठा, लाकूड. दुसरं बोट, लाकूड. मधलं, लाकूड. चौथं अर्धं जागं, अर्धं झोपलेलं. करंगळी लावली, आणि ओठांचा ओलावा करंगळीला नीट कळला.

त्यावरून तिला दुसरंच काही आठवलं. रविवारी, भर मार्चच्या उन्हात, अय्याने तिच्या हातावर पान ठेवलं तेव्हा करंगळीला गार लागलं होतं. थोडंथोडकं नाही, चटका बसावा इतकं गार. बाकीच्या बोटांना काही कळलंच नव्हतं, म्हणून तेव्हा तिला तो भास वाटला होता.

शनिवारी ती सरस्वतीपुरममध्ये डॉक्टर श्रीविद्यांकडे गेली. इंग्रजीत सुरुवात केली, मग कन्नडमध्ये गेली, आणि टेबलावरच्या पाटीवरचं मराठी आडनाव वाचून शेवटी मराठीत म्हणाली, “हाताला मुंग्या येतात.”

“कुठल्या बोटांना?” डॉक्टरांनी विचारलं.

आजवर कोणी हा प्रश्न विचारला नव्हता. अय्याने मुंग्यांचा रंग विचारला होता, विजयेंद्र सरांनी रजेची तारीख. स्पंदनाने तीन बोटं आणि अर्धं असं दाखवलं. डॉक्टरांनी तिला उलटा नमस्कार करायला लावला: तळहात बाहेर, हातांच्या पाठी एकमेकींना चिकटवलेल्या, बोटं जमिनीकडे, कोपरं वर. एक मिनिट धरा. चाळिसाव्या सेकंदाला मुंग्या हजर झाल्या.

मग डॉक्टरांनी समजावलं. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून नस जाते. बाळंतपणात आलेली सूज आणि वर रोज नऊ तास हात मोडून धारेवर दाबलेला, दोन्ही मिळून नस चेपली गेली. करंगळीची नस वेगळ्या वाटेने जाते, म्हणून ती सुटली. अजून उशीर झालेला नाही. मनगट सरळ ठेवणारी पट्टी, मुख्यतः झोपताना. टेबल बदला, दर तासाला हात सोडा. सहा आठवड्यांत फरक नाही पडला तर नसेची तपासणी करू, कारण अंगठ्याचं मांस झिजायला लागलं तर शस्त्रक्रियेशिवाय इलाज नाही. आणि हे कामाच्या ठिकाणी लेखी कळवा, तोंडी नको.

“बाळाला घेऊ का मी?”

“बसून घ्या. कोपराच्या घडीत घ्या, बोटांवर भार नको.” डॉक्टरांनी चष्मा काढला. “कोणी नको म्हणतंय?”

स्पंदनाने सगळं सांगितलं. पट्ट्या, कट्टु, तीन दिवस. डॉक्टर ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, त्या माणसाने नकळत अर्धा उपचार बरोबर केलाय. मनगट सरळ बांधलं आणि काम बंद केलं. त्यानेच बरं वाटतं. मुंग्या नुसता तमाशा.

घरी आल्यावर स्पंदनाने हे पुष्पावतीबाईंना सांगितलं. त्या नव्याला मऊ भात भरवत होत्या. सासरे सुब्बराव पेपर खाली ठेवून ऐकत होते. त्यांचे वडील कापडावर छापे मारायचे. सुब्बराव म्हणाले, छापखान्यात नवा माणूस आला की वडील आधी त्याच्या कमरेपर्यंतच्या उंचीचं माप घ्यायचे आणि मग त्याचं मेज करायचे. उंच मेजावर छापा मारला की हात मरतो, हे त्यांच्या वडिलांना अक्षर न येता ठाऊक होतं.

“ते तसं असेल हो,” पुष्पावतीबाई म्हणाल्या. “डॉक्टरीणबाई शिकलेल्या आहेत. पण मी या डोळ्यांनी मुंग्या पाहिल्या, त्या काय मग?”

“अत्ते, त्या त्याने घातल्या.”

“कुठून घातल्या? त्याचे हात वर होते, अल्वा, नाही का?” त्यांनी भाताचा घास तसाच धरून ठेवला. “आणि पोरगी तुझ्या हातातून कशी सुटली ते पण मी पाहिलंय गं. ते मला झोपू देत नाही. तू मला काहीही समजावलंस तरी मी ती तुझ्या हातात देईन कशी?”

यात दुष्टपणा नव्हता. नवरा, किरणकुमार, दोघींच्या मध्ये उभा राहून म्हणाला, नऊ रविवार करून टाकू ना, त्यात काय जातं. स्पंदनाने त्याच्याकडे पाहिलं. सात आठवड्यांत नव्या रांगायला लागेल. ते त्याच्या हिशेबात नव्हतं.

डोळ्यांनी पाहिलेलं शब्दांनी खोडता येणार नाही, हे तिला कळलं. डोळ्यांनाच दाखवावं लागणार होतं.

तिसऱ्या रविवारी ती मुकाट्याने पाटावर बसली. अय्याच्या उजव्या बाजूला तांब्याचा हंडा होता, लाल कापडाने झाकलेला. त्यात नागतीर्थात भिजवलेली पानं असत. त्याने कापडाखाली हात घालून पान काढलं, तिच्या तळहातावर गुंडाळलं, स्वतःचे हात आकाशाकडे नेले, डोळे मिटले आणि मंत्र सुरू केला. मंत्र लांबलचक होता. त्यात संस्कृत थोडं आणि नाकातला आवाज फार.

स्पंदनाने पानातून हात काढून घेतला. शेजारी नव्याची पिशवी होती. फ्लास्कमधलं कोमट पाणी तिने डाव्या हाताने स्टीलच्या पेल्यात ओतलं, पान त्या पेल्याभोवती गुंडाळलं आणि पेला पाटावर ठेवून मागे सरकली.

अय्या नागराजाला बोलावत होता. लोकांना कळेना काय चाललंय. मागच्या रांगेतल्यांनी माना उंचावल्या. पेल्याला ऊब होती, पानाला ऊब चढत होती, मंत्र चालू होता.

पानाच्या कडेतून मुंगी बाहेर आली. मिशा हलवल्या आणि पेल्याच्या कडेवर चढली. मागून दुसरी. मग पाच-सहा, धडपडत.

पहिल्यांदा हसल्या त्या भवानीबाई. ब्लाउज शिवणाऱ्या, सहा रविवार इमानाने आलेल्या. “अय्या,” त्या म्हणाल्या, “या पेल्याने कुठलं वारूळ फोडलं हो?”

हुत्तय्याने डोळे उघडले. क्षणभर त्याला पेला कळला नाही. मग म्हणाला, दोष हाताबाहेर उडून पेल्यात बसला, फार जागृत दोष आहे, मुलीने देवाचा अवमान केला. पण आता त्याचा आवाज नाकातून निघत नव्हता.

भवानीबाई उठल्या, दोन पावलांत हंड्यापाशी गेल्या आणि लाल कापड ओढलं. हात आत घातला आणि झटकन बाहेर काढला.

“बर्फ,” त्या म्हणाल्या.

हंड्यात खाली बर्फ होता. वर पानं होती, दोन-दोन तुकडे गुळाच्या पाण्याने एकमेकांना चिकटवलेले. भवानीबाईंनी एक जोडी सोडवली. आत काळ्या मुंग्या पडल्या होत्या, मेल्यासारख्या. त्यांनी ती उन्हात धरली. सगळे बघत राहिले. मंत्राला लागायचा तेवढाच वेळ लागला आणि मुंग्या चालायला लागल्या.

स्पंदनाला भाषण येत नव्हतं. अडखळत, कन्नडमध्ये, ती एवढंच म्हणाली: थंडीने मुंगी गोठते, उबेने जागी होते. आपल्याच हाताच्या उबेने या जाग्या व्हायच्या. आपली बोटं आधीच बधिर, म्हणून पान गार आहे ते आपल्याला कळायचं नाही. करंगळीला कळतं, पण आपण त्याला भास म्हणतो. आणि ते वारूळ मुंग्यांचं नाहीच, वाळवीने बांधलंय.

“पण मला बरं वाटलं होतं,” मागून एक बाई जवळजवळ रडत म्हणाली. “ते पण खोटं?”

“ते खरं, अक्का. तुम्ही काय काम करता?”

उदबत्त्या वळायची ती. शेजारची खाणावळीत चपात्या लाटायची. तिच्या मागची दिवसभर बिलं टाइप करायची. भवानीबाई कात्री चालवायच्या. स्पंदना एकेकीला विचारत गेली. या नागाला फक्त कामाचेच हात कसे सापडत होते, हे प्रत्येकीचं तिचं तिलाच दिसलं. तीन दिवस काम थांबलं, मनगट सरळ राहिलं, म्हणून बरं वाटलं.

“मुंग्या मी पण आणते,” स्पंदना म्हणाली आणि उलटा नमस्कार करून दाखवला. बायकांनी कोपरं वर केली, हातांच्या पाठी जुळवल्या. मिनिटभर मांडवात कोणी हललं नाही.

“आल्या,” भवानीबाई म्हणाल्या.

“हात सरळ करा.”

“गेल्या.”

हुत्तय्याला त्याच वेळी बेट्टदपुराहून बोलावणं आलं. तसं तो म्हणाला तरी. हंडा मागेच राहिला.

पुष्पावतीबाई नव्याला घेऊन पुढे चालत घरी आल्या. दारात चपला काढताना म्हणाल्या, त्याला मुंग्या मीच दिल्या नाही का गं? मग आत जाऊन त्यांनी सुनेला भिंतीला टेकून खाली बसवलं, मांडीवर उशी ठेवली आणि नव्याला तिच्या डाव्या कोपराच्या घडीत ठेवलं. स्वतःचा हात मात्र खालून काढला नाही. स्पंदनानेही काढायला सांगितलं नाही. नव्याने आईच्या मनगटावरची नवी निळी पट्टी तोंडात घालून पाहिली. बराच वेळ त्या तिघी तशाच बसून राहिल्या. मग पुष्पावतीबाई चहा टाकायला म्हणून उठल्या, आणि स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून गेल्या.

कचेरी त्या नागाहून चिवट निघाली. स्पंदनाने डॉक्टरांची चिठ्ठी जोडून, बोटं बधिर होतात, कप हातातून सुटतो, असं लेखी कळवलं. विजयेंद्र सर म्हणाले, बसून काम केल्याने इजा होते हे काही पटत नाही. तिने चहाच्या वेळी टेबलाभोवतीच्या सगळ्यांना उलटा नमस्कार करायला लावला. सर हसत हसत स्वतःही उभे राहिले, टार्गेटबद्दल काहीतरी सांगत. अर्ध्या मिनिटानंतर त्यांचं वाक्य मध्येच थांबलं. त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मग हळू आवाजात विचारलं, की कप हातातून सुटतो असं लिहिलंस ना, तो उजव्याच हातातून का?

महिन्याने कीबोर्डसाठी खालच्या उंचीची फळी आली, टेकायला बसकी उशी आली, तासाला पाच मिनिटं मिळाली. खुर्च्या अजून आलेल्या नाहीत. तक्ता भिंतीवर आहेच, पण पट्टी बांधलेल्यांची नावं त्यावरून सध्या उतरवली आहेत. स्पंदनाच्या अंगठ्याला अजून सकाळी थोडा जडपणा असतो. दोन्ही हातांनी ती नव्याला उचलते, गादीजवळ, आणि पुष्पावतीबाई शेजारी उभ्या असतात. तेवढं त्यांना उभं राहू द्यावं.

तुमच्या घरात कोणाच्या हाताला मुंग्या येत असतील, तर वारुळाकडे जाऊ नका आणि अशक्तपणा म्हणून झटकूनही टाकू नका. कुठल्या बोटांना येतात ते विचारा. तो हात दिवसभर काय करतो, किती उंचीवर करतो, मधे थांबतो का, तेही विचारा. उत्तर मिळालं की डॉक्टरांकडे जा, आणि मग जिथे तो हात राबतो तिथल्या टेबलाचं माप घ्या.